अँपमधला (अँप्लिफायरमधला) हम: पॉवर कंडिशनर घ्यावा का?

प्रश्न: अँप चालू केला की स्पीकरमधून सतत 'हूंऽऽ' असा हम येतो. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढंच. टीव्ही, लॅपटॉप, डॅक (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारी पेटी) सगळं जोडलेलं आहे. पॉवर कंडिशनरने (मेन्सची वीज गाळून देणारी पेटी) जाईल का?

उत्तर १: पैसे तूर्त खिशातच ठेवा. अँप बंद करून सगळ्या इनपुट केबल काढा, मग चालू करा. हम गेला तर तो ग्राउंड लूप, म्हणजे उपकरणं एकाहून जास्त वाटांनी अर्थला जोडली गेल्याने झालेलं वेटोळं. त्यावर कंडिशनरचा सहसा उपयोग नाही. एकेक केबल परत लावत जा (दर वेळी अँप बंद करून). बहुतेकदा टीव्हीची अँटेना नाहीतर केबलची वायर सापडते. तिथे कोअ‍ॅक्स आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन अर्थची वाट तोडणारा जोड) लावा. सगळी उपकरणं एकाच सॉकेटवर, एकाच पट्टीवर घ्या. आणि अर्थिंगची पिन काढायची नाही म्हणजे नाही! आत वायर सुटली तर कॅबिनेटलाच करंट येतो.

उत्तर २: आता कान अँपच्या कॅबिनेटला लावा. गुरगुर तिथूनच येत असेल तर ट्रान्सफॉर्मर. मेन्समध्ये थोडा डीसी शिरला की टोरॉइडचा (कडीच्या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरचा) लोखंडी कोअर सॅच्युरेट होऊ लागतो, म्हणजे त्याची चुंबकीय क्षमता संपते. काही हेअर ड्रायर 'लो'वर एसीची अर्धीच वेव्ह ओढतात, त्यातून असा डीसी येतो; घरात चालू असेल तर बंद करून बघा. उपाय: डीसी ब्लॉकर, तयार घेतलेला.

उत्तर ३: हमऐवजी चर्रचर्र असेल तर डिमर (दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारा) किंवा चार्जर. लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. फेराइट रिंगमधून (असा गोंगाट अडवणारी चुंबकीय पदार्थाची कडी) चार्जरच्या वायरीचे ३ वेढे घ्या. इंडक्टन्स (भरभर बदलणारा करंट अडवण्याची क्षमता) वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे एका वेढ्याच्या साधारण ९ पट.