घरी जाणार कसा?

एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकणारा कोकणातला मुलगा, सुट्टीत वसतिगृह ओस पडलं असताना तापाने फणफणलेला, घरी का गेला नाही, असं कुणीतरी विचारलंय. अहो, जाणार कसा? बोरघाटातून पुण्याहून मुंबईकडे जाणारी रेल्वे १८६३ साली सुरू झाली खरी, पण रत्नागिरीकडच्या पोराला सह्याद्रीचा दुसरा एखादा घाट बैलगाडीने नाहीतर पायी उतरायचा, किंवा मुंबईहून आगबोट धरायची. पावसाळ्यात तीही बंद. डेक्कन कॉलेज १८६८पासून येरवड्याकडे, म्हणजे शहरातला वैद्य गाठायला नदीपलीकडे पायपीट. हिवतापावर क्विनाइन होतं, पण डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू रोनाल्ड रॉस या डॉक्टरला सापडले १८९७ साली! तोवर बहुतेकांच्या लेखी दोष वाईट हवेचा. समाजसुधारक आगरकरांचा विद्यार्थिदशेतला तो एकुलता सदरा आठवतो ना, रात्री धुऊन सकाळी घालायचा? तापात घामाने भिजल्यावर अशा मुलाने बदलायचं काय?