जुनी गाडी डीलरकडून घेतली आणि फसलात? तुमचा अनुभव सांगा

आधी माझा सांगतो. मार्च 2022 मध्ये पुण्यात एका डीलरकडून पाच वर्षं वापरलेली डिझेल हॅचबॅक घेतली. मीटर 41 हजार, "सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी आहे साहेब." निम्मे पैसे बाबांच्या पीएफचे.

पहिल्या पावसात आत कुबट वास यायला लागला. मग काचा अडकल्या, आणि एकदा खंबाटकी घाटात चालत्या गाडीत मीटरचे सगळे दिवे गेले. बायको-मुलं मागे बसली होती. मेकॅनिकने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवला. पट्ट्याच्या आतल्या टोकाला वाळलेला गाळ! पाटी एमएच 08, म्हणजे रत्नागिरी जिल्हा, चिपळूण तिथलंच. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडालं, त्यातलीच ही असणार. आरसी मी वाचली होती, पण तेव्हा डोक्यात आलंच नाही. वायरिंगला 62 हजार गेले.

तुमच्या बाबतीत काय झालं, लिहा.

*

माझं मीटरचं. घेताना 52 हजार दिसत होते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नंबर सांगितला, तर तीन वर्षांपूर्वीचीच नोंद 88 हजारांची!

*

नागपूर. दिल्ली पासिंगची डिझेल एसयूव्ही, दीड लाखाने स्वस्त. तेव्हा तिकडे 10 वर्षांवरच्या सगळ्याच डिझेल गाड्यांना बंदी होती, म्हणून तिथल्या गाड्या इकडे यायच्या. "एनओसी आठवड्यात देतो" डीलर म्हणाला, म्हणजे तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला; पाच महिने लावले. इथला रोड टॅक्स पुन्हा मलाच भरावा लागला. भावात तो धरलाच नव्हता.

*

आरसी नावावर झाली म्हणून मी निश्चिंत. विमा मात्र जुन्या मालकाच्याच नावावर राहिला. दार ठोकलं गेलं, क्लेम नाकारला. थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा, गाडीबरोबर येतो, पण आपल्या नुकसानीचा विमा 14 दिवसांत अर्ज करून नावावर करून घ्यावा लागतो. डीलरने एका शब्दाने सांगितलं नाही.

*

चिपळूणच्या गाडीवाले दादा, ग्राहक आयोगात गेलात का? दोन वर्षांची मुदत असते.

*

ताई, वकिलांना कागद दाखवले. पावतीवर बारीक अक्षरात छापलंय, "गाडी आहे त्या स्थितीत स्वीकारली." खाली बाबांची सही आहे. तक्रार तरीही करायची होती, बाबाच नको म्हणाले.