यू-२ नं फोटो आणलेच होते, मग नौदलाची विमानं क्युबावर इतक्या खालून का पाठवली?

माचीवरचा

नमस्कार मंडळी. १९६२ च्या क्युबा पेचप्रसंगाबद्दल वाचतोय आणि एका ठिकाणी अडलोय. १४ ऑक्टोबरला मेजर रिचर्ड हेझर यू-२ हे खूप उंचावरून टेहळणी करणारं विमान घेऊन गेले, ७० हजार फुटांवरून ९२८ फोटो काढले, त्यात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली आणि १६ तारखेला सकाळी केनेडींना ती दाखवली गेली. माझ्या समजुतीप्रमाणे शोध तिथं संपला.

मग २३ ऑक्टोबरला अमेरिकी नौदलाच्या व्हीएफपी-६२ या फोटो टिपणाऱ्या स्क्वाड्रनची (विमानांच्या तुकडीची) सहा क्रुसेडर विमानं झाडांच्या शेंड्यांवरून क्युबात कशासाठी घुसवली? त्या विमानांवर तोफासुद्धा नव्हत्या, नुसते कॅमेरे. आणि एवढं मोठं हवाई दल असताना हे काम नौदलाकडे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

जुना_नकाशा

प्रश्न फार चांगला विचारलात. माझी सगळी नोकरी हवाई छायाचित्रांवरून नकाशे करण्यात गेली. लष्कराशी संबंध नव्हता, पण फोटो वाचायची विद्या तीच. म्हणून त्या बाजूनं सांगतो.

यू-२ चे फोटो आणि क्रुसेडरचे फोटो ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. पहिला प्रश्न, तिथं काही आहे का? दुसरा, ते डागायला तयार कधी होईल? १६ तारखेच्या बैठकीत केनेडींनी जवळजवळ लगेच हा दुसराच प्रश्न विचारला होता, आणि ७० हजार फुटांवरच्या फोटोतून त्याचं पक्कं उत्तर निघत नव्हतं.

अशा उंचीवरच्या फोटोत काय दिसतं ते सांगतो. लाइट टेबलवर निगेटिव्हचा रोल सरकवत जायचं, लागोपाठचे दोन फोटो स्टिरिओस्कोपखाली (दोन डोळ्यांना दोन फोटो दाखवणाऱ्या भिंगांखाली) घ्यायचे, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा डोळ्यांपुढे उठून येतो. सराव असलेल्याला तंबूंच्या रांगा, गाड्यांच्या चाकोऱ्या, ताडपत्रीखालच्या लांबट वस्तू कळतात. लांबी मोजली की ती वस्तू कोणतं क्षेपणास्त्र असू शकेल हेही कळतं. फोटो वाचणाऱ्या सरकारी केंद्राचे प्रमुख आर्थर लुंडाल यांच्या हाताखालच्या तज्ज्ञांनी वॉशिंग्टनमध्ये १५ तारखेला हेच केलं. पण नवख्या माणसाला त्यात काही दिसत नाही. रॉबर्ट केनेडींनी पुढे लिहून ठेवलंय की त्यांना तो फोटो शेतासाठी किंवा घराच्या तळघरासाठी साफ केलेल्या जागेसारखाच वाटला होता. राष्ट्राध्यक्षाचा सख्खा भाऊ, देशाचा अ‍ॅटर्नी जनरल, त्याला तज्ज्ञाच्या शब्दावर विसंबावं लागत होतं. आणि सर्वनाशाची टांगती तलवार असलेला निर्णय त्यावर घ्यायचा होता!

खालून काढलेल्या फोटोत तज्ज्ञाची मध्यस्थी फारशी लागत नाही. सरळ खाली पाहणारा कॅमेरा फक्त माथे दाखवतो. क्रुसेडरवर त्याच्या जोडीला पुढे आणि बाजूला तिरकस रोखलेले कॅमेरे होते, त्यामुळे वस्तूची कड, चाकं, तिला जोडलेल्या नळ्या दिसायच्या. क्षेपणास्त्र उभं करणारे गाडे, इंधनाच्या टाक्या ओढणारे ट्रेलर, जमिनीवरून गेलेल्या केबल, काम करणारी माणसं. केबल जोडली आहे की गुंडाळून ठेवली आहे, यावरून तयारी किती झाली ते ठरतं. शिवाय ऑक्टोबरमध्ये त्या भागात ढग पुष्कळ. ढगांच्या वर असलेल्या यू-२ चा त्यात इलाज चालत नाही, खालून जाणाऱ्याचा चालतो.

आता नौदलच का, हा खरा मजेचा भाग, आणि इथं थोडा हिशोब करावा लागेल.

ही विमानं फ्लोरिडाच्या टोकावरच्या की वेस्टहून निघायची, रडारला चुकवायला समुद्राला जवळजवळ चिकटून जायची आणि लक्ष्याजवळ पोचल्यावर साधारण हजार फुटांवर चढून फोटो घ्यायची. वेग धरा ४८० नॉट, म्हणजे सेकंदाला २४७ मीटर. शटर सेकंदाचा हजारावा भाग उघडं राहिलं तरी तेवढ्यात विमान पाव मीटर पुढे गेलेलं असतं. मग प्रत्येक केबल, प्रत्येक नळी फोटोत फासली जाणार. ७० हजार फुटांवर हा त्रास कमी, कारण तिथून जमीन कॅमेऱ्यासमोरून सावकाश सरकते. खाली आलात की ती अंगावर धावून येते.

त्यावर उपाय असा की फोटो घेताना कॅमेऱ्यातली फिल्मच प्रतिमेच्या वेगानं सरकवायची. सहा इंची लेन्स धरली तर हजार फुटांवरून फोटोचं प्रमाण १:२००० येतं, आणि फिल्मवरची प्रतिमा सेकंदाला सुमारे १२ सेंटिमीटर पळते. फिल्मही तितकीच पळाली पाहिजे. पुन्हा स्टिरिओस्कोपखाली जोडी जमायची तर एका फोटोतला ६० टक्के भाग पुढच्या फोटोत यायला हवा. साडेचार इंची चौकट धरून हिशोब करा, सेकंदाला अडीच-तीन फोटो लागतात. कमी उंचीवर, एवढ्या वेगात हे करणारे कॅमेरे आणि त्याचा नित्य सराव व्हीएफपी-६२ कडे होता. हवाई दलाची आरएफ-१०१ ही फोटो टिपणारी विमानं काही दिवसांनी सामील झाली.

आणि सराव का म्हणतो, ते नीट समजून घ्या. फिल्म किती वेगानं सरकवायची हे विमानाच्या वेगावर आणि उंचीवर ठरतं. म्हणजे कॅमेरा चालू असेपर्यंत वैमानिकानं वेग बदलायचा नाही, उंची बदलायची नाही, पंख कलू द्यायचे नाहीत. खाली विमानवेधी तोफा असतील तर लढाऊ वैमानिक वाकडातिकडा उडून निसटू पाहतो. फोटोवाल्याला ती मुभा नाही. तोफांच्या बरोबर वरून त्यानं सरळ रेघेत जायचं, आणि उत्तर द्यायला त्याच्याकडे एक गोळी नाही. मला या माणसांबद्दल जो आदर वाटतो तो याच कारणानं.

२३ तारखेला स्क्वाड्रनचे प्रमुख कमांडर विल्यम एकर स्वतः पहिल्या फेरीत होते. उड्डाणाच्या कपड्यांतच ते पुढे वॉशिंग्टनला सेनादलप्रमुखांसमोर जाऊन उभे राहिले. फिल्म मात्र जॅक्सनव्हिलच्या नौदल प्रयोगशाळेत उतरली. या प्रयोगशाळेतल्या लोकांचं नाव कुणी घेत नाही, म्हणून मी घेतो. हवाई फिल्मचा रोल शेकडो फूट लांब असतो आणि तो मिट्ट अंधारात धुवावा लागतो, लाल दिवासुद्धा चालत नाही. बोटांच्या अंदाजानं रोल चढवायचा, रसायनाचं तापमान सांभाळायचं, कुठं ओरखडा येऊ द्यायचा नाही. एका माणसानं जिवावर उदार होऊन आणलेली फिल्म, तुमच्या हातून खराब झाली तर त्याला पुन्हा तिथं जावं लागेल. तिकडे वॉशिंग्टनमध्ये वाट बघणारे एकेक तास मोजत असताना हे काम शांत डोक्यानं करणारी ती पोरं विशी-पंचविशीतली असतील.

फ्लोरिडाकर

काका, वाचनखूण साठवली. मी जॅक्सनव्हिललाच राहतो. या स्क्वाड्रनचा कायमचा तळ इथलं सेसिल फील्ड. १९९९ मध्ये नौदलानं तो बंद केला, आता तिथं नागरी विमानतळ आणि उद्योग आहेत. मी ऑफिसला जाताना रोज त्या बाजूनं जातो.

एक ऐकीव गोष्ट विचारतो. प्रत्येक फेरीनंतर विमानावर मेलेल्या कोंबडीचं चित्र रंगवायचे, हे खरं का?

जुना_नकाशा

खरं आहे. १९६० मध्ये क्युबाचे नेते कॅस्ट्रो संयुक्त राष्ट्रांसाठी न्यूयॉर्कला आले होते आणि हार्लेममधल्या थेरेसा हॉटेलात उतरले होते. त्यांच्या लोकांनी खोल्यांत कोंबड्या आणल्याच्या बातम्या तेव्हा गाजल्या, त्यावरून ही खूण. २६ नोव्हेंबर १९६२ ला केनेडी स्वतः की वेस्टला गेले आणि या स्क्वाड्रनला नौदलाचं सामूहिक सन्मानपत्र दिलं.

सागरवेडी

लेखन आवडलं, पण एक शंका. क्युबात शेवटी युद्ध झालंच नाही. प्रत्यक्ष युद्धात या फोटो स्क्वाड्रन काय करायच्या? तिथं तर कुणी उगाच जाऊ देणार नाही.

जुना_नकाशा

ताई, क्युबातही कुणी उगाच जाऊ दिलं नाही. २७ ऑक्टोबरला खालून गेलेल्या विमानांवर तोफा चालल्या, आणि त्याच दिवशी यू-२ चे मेजर रुडॉल्फ अँडरसन क्षेपणास्त्रानं मारले गेले. पेचप्रसंगाच्या त्या तेरा दिवसांत शत्रूच्या माऱ्यात गेलेले ते एकटेच.

पण तुमचं म्हणणं बरोबर आहे, व्हिएतनामच्या युद्धात या कामाचं स्वरूप जास्त क्रूर झालं. तिकडे पॅसिफिकची जोडीदार स्क्वाड्रन होती, व्हीएफपी-६३. तिची दोन-तीन विमानं विमानवाहू जहाजावर असायची. जहाज किनाऱ्यापासून दूर, त्याला कुणा दुसऱ्याच्या फोटोंची वाट पाहत बसणं परवडत नाही. हल्ल्याआधी पूल, रस्ते, तोफांच्या जागा टिपायच्या, आणि हल्ला आटोपला की पूल पडला का ते पाहायला परत जायचं. हे दुसरं जाणं सगळ्यात वाईट. बॉम्ब टाकणारे निघून गेलेले असतात, खालचे तोफची पूर्ण जागे असतात, आणि फोटोचं विमान येणार हे त्यांना पाठ झालेलं असतं.

याच स्क्वाड्रनचे लेफ्टनंट चार्ल्स क्लुसमान ६ जून १९६४ ला किटी हॉक जहाजावरून लाओसवर गेले आणि खालच्या माऱ्यात विमान पडलं. पाथेट लाओ या तिथल्या साम्यवादी बंडखोरांच्या कैदेत जवळजवळ तीन महिने काढून ते ऑगस्टमध्ये निसटले आणि जंगलातून चालत आपल्या बाजूला पोचले. क्युबावर उडालेले जेराल्ड कॉफी यांचं नशीब तेवढंही नव्हतं. ते १९६६ च्या फेब्रुवारीत उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्यावर टेहळणीच्या विमानासह पडले आणि १९७३ पर्यंत कैदेत राहिले.

माचीवरचा

काका, मनापासून आभार. एवढ्या वेगात लक्ष्य नेमकं कॅमेऱ्याखाली आलं हे वैमानिकाला कळायचं कसं? तेव्हा जीपीएस नव्हतं.

जुना_नकाशा

नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ. निघण्याआधी वाटेवरचे नदीचे फाटे, रेल्वेचे सांधे, साखर कारखान्यांची धुराडी पाठ करायची आणि ती ठरल्या सेकंदाला दिसतात का बघायचं. क्रुसेडरच्या कॉकपिटमध्ये खालची जमीन दाखवणारा व्ह्यूफाइंडर होता, त्यानं विमान रेषेवर आणता यायचं. पण त्यात डोकं घालून बसायला वेळ कुठला! एक किलोमीटरचा तळ चार सेकंदांत मागे पडतो. कॅमेरा लक्ष्याच्या जरा आधीच सुरू करायचा आणि जरा नंतर बंद, मधली फिल्म कितीही गेली तरी चालेल.

आता ते फोटो उघडून बसाल तेव्हा आधी सावल्या बघा. क्युबातल्या कसिल्दा बंदरावरचा नोव्हेंबर १९६२ मधला एक फोटो आहे, तो हवाई दलाच्या आरएफ-१०१ चा. सोव्हिएत संघाला परत जाणारी क्षेपणास्त्रं जहाजावर चढवली जात आहेत आणि फोटो काढणाऱ्या विमानाची स्वतःची सावली धक्क्यावर पडली आहे. विमानाची लांबी ठाऊक असते, त्यामुळे त्या सावलीवरून शेजारच्या वस्तूंचा अंदाज घेता येतो. करून बघा आणि काय निघतं ते इथं लिहा.