मधुमेह नाही, तरी हात थरथरतात. ही साखर उतरतेय का?

शिवणकाम_सहकारनगर
माझं वय ४१, घरीच ब्लाउज शिवते. पहाटे थायरॉईडची गोळी, मग पर्वतीच्या टेकडीवर फेरी, आल्यावर चहा-खारी. डबे, धुणं, पोरांची शाळा यात नाष्टा राहूनच जातो. अकराच्या सुमारास मशीनवर बसले की कधीकधी सुईत दोरा ओवता येत नाही. बोटं थरथरतात, मानेवर गार घाम येतो, छातीत धडधडतं आणि समोर येईल ते खावंसं वाटतं.

गेल्या संकष्टीला तर पोट भरलेलं असताना झालं. बाराला बशीभर साबुदाण्याची खिचडी, वर गोड लस्सी. अडीचला गिऱ्हाईक समोर उभी, मी तिचं माप घेतेय आणि टेपवरचे आकडे वाचता येईनात. खालच्या काकूंकडे शुगरचं मशीन आहे. त्यांनी बोट टोचलं, ६२ आले. गुळाचा खडा खाल्ला, पंधरा मिनिटांत माणसात आले.

उपाशीपोटी ८९ आहे, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.३. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या. मग ते ६२ काय होते?

लॅबवाली
ताई, मधुमेह नसतानाही साखर उतरते, पण क्वचित. अशा माणसात ५५ च्या खाली गेली तर ती खरी उतरली असं धरतात. आणि तीन गोष्टी जुळाव्या लागतात: त्रास होतोय, त्याच वेळी रक्तात साखर कमी आहे, साखर चढली की त्रास थांबतो.

घरचं मशीन इतक्या खालच्या आकड्याला पंधराने इकडेतिकडे होऊ शकतं. तुमचे ६२ खरे ५० असतील, नाहीतर ७५. म्हणून थरथर सुरू असतानाच शिरेतून रक्त घेतलं पाहिजे, तेही करड्या टोपणाच्या नळीत. साध्या नळीत ठेवलं तर तांबड्या पेशी बसल्या बसल्या साखर संपवतात आणि आकडा उगाच खाली येतो. लॅबला आधी सांगून ठेवा. मात्र डोळ्यांपुढे अंधारी आली, बोलणं अडखळलं, तर नळीची वाट बघू नका. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या आणि सावरल्यावर पोळी-भाजी खा.

कात्रजचा_बाबा
संकष्टीचं वाचून माझंच आठवलं. खाल्ल्यावर चार तासांच्या आत होतं ते वेगळं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, वर साखरेची लस्सी. साखर झपाट्याने चढते, इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि मागून साखर खाली येते. मी चहा-बिस्किटांऐवजी सकाळी मुगाचं धिरडं आणि दही सुरू केलं, उपवासाला दाण्याची आमटी-भगर. मला फरक पडला.

पण उपाशीपोटी, पहाटे किंवा झोपेत होत असेल तर खाण्यावर सोडू नका. एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे जा. त्रासाच्या वेळच्या रक्तात साखरेबरोबर इन्सुलिन आणि सी-पेप्टाइडही (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा त्याच्याबरोबर सुटणारा घटक) बघतात. गरज पडली तर दवाखान्यात ठेवून ७२ तासांपर्यंत उपास करवतात. घरी असला प्रयोग अजिबात नको.

लॅबवाली
एक विचारायचं राहिलं. घरात कुणाला शुगरच्या गोळ्या चालू आहेत का?

शिवणकाम_सहकारनगर
सासूबाईंना आहेत. ग्लिमेपिराइड. तुमचं वाचलं आणि उठून स्टीलचा डबा उघडला. माझी थायरॉईडची गोळी आणि त्यांची, दोन्ही त्यातच. पहाटे दिवा न लावता मी चाचपून घेते. त्यांचं पाकीट मोजलं तर दोन गोळ्या कमी भरल्या. त्या म्हणतात, मी एकही जास्तीची घेतली नाही.

लॅबवाली
डॉक्टरांना हे सगळ्यात आधी सांगा. त्या गोळीचा असर दिवसभर राहतो. साखर खाऊन बरं वाटलं तरी पुन्हा उतरू शकते. परत कधी चुकून घेतली गेली तर घरी थांबू नका, थेट दवाखाना.

शिवणकाम_सहकारनगर
माझी बाटली मशीनच्या खणात हलवली. बाकीच्या दिवसांचं कारण ह्यात बसतं की नाही माहीत नाही, कारण दोन गोळ्या कमी आणि त्रास सहा-सात वेळा झालाय. वहीत तारीख, वेळ, काय खाल्लं ते लिहायला घेतलंय. गुरुवारची अपॉइंटमेंट आहे. वही आणि दोन्ही गोळ्या बरोबर नेते.