मरळीच्या कल्ल्यांवर प्रोजेक्ट: पाच लाखांसाठी कुठे अर्ज करू?

अंबाझरी_झू: कॉलेज नागपूर विद्यापीठाला संलग्न. मरळ आणि रोहू यांच्या कल्ल्यांची रचना व ऑक्सिजनचा वापर यांची तुलना करायची आहे. हिस्टॉलॉजी (ऊतींचे पातळ काप म्हणजे सेक्शन पाहणं), थोडं सेम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप), रेस्पिरोमेट्री (ऑक्सिजनचा वापर मोजणं). बजेट पाच लाख, दोन वर्षं. जेआरएफ (पगारी संशोधन सहायक) नको. माझं वय 44.

धरमपेठकर: एएनआरएफची (केंद्राची संशोधन निधी संस्था) पीएम अर्ली करिअर ग्रँट लावा. 60 लाख! पाच लाखांत काय होते बाप्पा.

सेक्शनवाला: त्याला वयाची अट 42 आहे, वर 44 लिहिलंय. महिला वगैरेंना सवलत असते, ती तपासा. एएनआरएफचीच राज्य विद्यापीठांसाठीची शुअर योजना पाहा, कॉल निघाला तर. 30 लाखांपर्यंत, तीन वर्षं.

महालचा_मास्तर: यूजीसीचा मायनर प्रोजेक्ट लावा न, पाच लाखच असतात.

सेक्शनवाला: सर, तो कधीचाच बंद झाला.

धरमपेठकर: जेआरएफ मात्र घ्याच. सेक्शन कोण कापणार?

हिशेबनीस: जेआरएफला 37,000 महिना, वर नागपूरचं 20 टक्के घरभाडं. वर्षाचे 5,32,800. बजेट पहिल्याच वर्षी खल्लास.

महालचा_मास्तर: घरभाडं 18 टक्के आहे.

हिशेबनीस: डीए (महागाई भत्ता) 50 टक्क्यांवर गेला तेव्हा 20 झालं. तुमचे 18 धरले तरी 5,23,920.

कल्लेबहाद्दर: पैशाचं नंतर, आधी पद्धत बघा. मरळ हवेतूनही श्वास घेते. बंद चेंबर पाण्याने काठोकाठ भरलं तर मोठी मरळ गुदमरते, आणि तोवर मिळालेला आकडाही फक्त पाण्यातल्या ऑक्सिजनचा. रोहूशी तुलना तिथेच कोसळते. रिव्ह्यूअर हेच पहिलं धरतो. वर हवेचा कप्पा ठेवा, त्याचं आकारमान मोजा, हवा आणि पाणी दोन्हींतली घट वेगवेगळी नोंदवा. माशाविना एक चेंबर सोबत चालवा, जिवाणूंनी वापरलेला ऑक्सिजन वजा करायला. मासा आदल्या दिवसापासून उपाशी हवा. एथिक्स कमिटीचं अर्जाआधीच उरका, सीसीएसईएच्या (प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्राची समिती) सूचना माशांसाठीही आहेत.

सेक्शनवाला: +1, हवेचा कप्पा हवाच. सेमसाठी कल्ले फिक्स करण्याआधी सलाइनने धुवा, नाहीतर बुळबुळीत थर तसाच गोठतो आणि लॅमेली (कल्ल्यांच्या बारीक पापुद्र्या) दिसत नाहीत. मग 2.5 टक्के ग्लुटारल्डिहाइड, फॉस्फेट बफरमध्ये, पीएच 7.4, 4 अंशांवर. सेमचा स्लॉट आय-स्टेम पोर्टलवर (सरकारी संस्थांची यंत्रं वापरायला मिळतात ते) शोधा. हिस्टॉलॉजीसाठी कल्ल्याची हाडाची कमान डीकॅल्सिफाय करा, म्हणजे तिच्यातला चुना काढा. हाडाने ब्लेडला खाच पडते आणि सेक्शनच्या रिबनभर उभी चीर उमटते. मे महिन्यात 56-58 अंशांना वितळणारं मेण इथे मऊ पडतं. 60-62 चं घ्या, कापण्याआधी ब्लॉक बर्फावर. मायक्रोटोम (सेक्शन कापायचं यंत्र) मात्र विकत घेऊ नका, सेक्शन बाहेरून कापून घ्या.

धरमपेठकर: तेच म्हणतो, यंत्र नको. जेआरएफ घ्या.

हिशेबनीस: यंत्र नकोच. जेमवर (सरकारी खरेदीचं पोर्टल) नुसतं 'रोटरी मायक्रोटोम' टाकलं की सगळ्यात स्वस्तवाला येतो आणि तो नाकारायला कारणच उरत नाही. केंद्राची ग्रँट घेतली तर खर्चाचं हेड बदलायला आधी परवानगी, आणि यूसी (खर्चाचा दाखला) फॉर्म 12-ए मध्ये.

अंबाझरी_झू: सगळ्यांचे आभार. शुअरच्या कॉलची वाट पाहत नाही. कॉलेजच्या सीड मनीतून (संशोधनाला सुरुवातीचा निधी) मायक्रोटोमच घेतेय. सेम दोनदा लागेल, सेक्शन एमएस्सीच्या पोरांना दर आठवड्याला. स्पेसिफिकेशनमध्ये 1 मायक्रॉनची पायरी, रिट्रॅक्शन (परत येताना ब्लॉक ब्लेडपासून मागे सरणं) आणि डिस्पोजेबल ब्लेडचा होल्डर लिहिलंय. अजून काही राहिलं का?

महालचा_मास्तर: यूजीसीला एकदा फोन करून पाहा.