तब्येत, गुलाब, वकील: इराणात भेटलेले आपलेच शब्द

नवऱ्याच्या नोकरीपायी आमचा बरीच वर्षं तेहरानात मुक्काम होता. फारसी शिकायला घेतली तेव्हा बाजार, कागद, पनीर, बारीक हे सगळे आयतेच हाती लागले. डोकं खाल्लं ते चेहरा ओळखीचा आणि अर्थ भलताच अशा शब्दांनी. त्यातले थोडे इथे मांडते. शेवटी एक शंकाही आहे.

तब्येत: नवरोजची, म्हणजे इराणी नववर्षाची, सुट्टी तेराव्या दिवशी, म्हणजे १ किंवा २ एप्रिलला संपते. त्या दिवशी घरात बसायचं नसतं, तेराची इडापिडा बाहेर नेऊन टाकायची. म्हणून नाव 'सीझ्दे बेदर'. अख्खं शहर सतरंज्या, चहाचं सामान आणि बॅडमिंटनच्या रॅकेटी घेऊन निघतं. बागा भरल्या की लोक हमरस्त्याकडेच्या हिरवळीवरही बैठक मारतात. नवरोजसाठी उगवलेले गव्हाचे कोंब वाहत्या पाण्यात सोडतात (आपल्या घटातलं धान आठवलंच), लग्नाच्या मुली गवताच्या पात्यांना गाठी मारतात. कोवळी काहूची (लेट्यूसची) पानं सिरका-पुदिन्याच्या पाकात बुडवून खायची पद्धत आहे. पाक फर्मास, पानांबद्दल न बोललेलं बरं.

तर सरकारी कॅलेंडरात या दिवसाचं नाव आहे 'रूझे तबीअत'. मराठी कानाला आरोग्यदिनच वाटेल! पण तिकडे तबीअत म्हणजे निसर्ग. आता आपला 'प्रकृती' शब्द बघा: 'प्रकृती कशी आहे?' असंही विचारतो आणि सृष्टीलाही प्रकृतीच म्हणतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता हीच जोडी जमवली. मला तरी ही या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

गुलाब: फारसीत गुल (उच्चार गोल) म्हणजे कुठलंही फूल आणि आब म्हणजे पाणी. म्हणून तिकडे 'गोलाब' बाटलीत मिळतं, फांदीवर नाही. मे महिन्यात काशानजवळच्या कमसर गावी गुलाबपाणी काढतात, ते बघायला तेहरानातून सहली जातात. तांब्याच्या मोठ्या भांड्यात पाकळ्या आणि पाणी, झाकण कणकेसारख्या लेपानं बंद, खाली जाळ. नळीतून वाफ बाहेर पडते आणि थंड होऊन ठिबकते. आपण अर्काचं नाव उचललं आणि फुलाला देऊन टाकलं.

वकील: शेजाऱ्यांच्या मुलीच्या लग्नात हा शब्द ऐकला आणि दचकले. नवरा-नवरी आरशासमोर बसलेली, पुढ्यात पसरलेल्या सोफ्र्यावर शमादानं, मध, अक्रोड, रंगवलेली अंडी. डोक्यावर बायकांनी पांढरं कापड ताणून धरलेलं आणि एकेक जण येऊन साखरेचे दोन सुळके एकमेकांवर घासत होती. भुगा कापडावर पडत होता. त्या साखरेला म्हणतात 'कंद', आपल्या गुलकंदातला. मेहेरची (नवऱ्यानं नवरीला द्यायच्या धनाची) सोन्याची नाणी वगैरे वाचून झाल्यावर लग्न लावणाऱ्यांनी नवरीला विचारलं, "वकीलम?" मी तुमचा वकील आहे का? म्हणजे तुमच्या वतीनं करार करू का? नवरी गप्प. पाहुण्या बायका ओरडल्या, "अरूस रफ्ते गोल बेचीने!" नवरी फुलं तोडायला गेलीय. पुन्हा प्रश्न. "रफ्ते गोलाब बियारे!" गुलाबपाणी आणायला गेलीय. तिसऱ्यांदा मात्र नवरी आईवडिलांची 'एजाजे' घेऊन "बले" म्हणाली आणि जो काही गलका झाला!

गरीब: तिकडे गरीब म्हणजे परका, घरापासून लांब पडलेला. शेजारच्या आजी कुणालाही आमची ओळख करून देताना "हे इथे गरीब आहेत" म्हणत आणि ताटात आणखी भात वाढत. पैशाचा संबंध नाही.

आता शंका. असे शब्द आपण बिघडवले, अपभ्रंश केले, असं सर्रास म्हणतात. हे म्हणणं कितपत बरोबर?

प्रतिसाद: बरोबरच आहे की. इराणी माणूस 'पीश्वा' म्हणतो, आपण पेशवा केलं. तो 'दूस्त' म्हणतो, आपण दोस्त. मूळ त्यांचं, तेव्हा शुद्धही त्यांचंच.

प्रतिसाद: थांबा, इथे उलटं आहे. जुन्या फारसीत ए आणि ई, ओ आणि ऊ हे वेगवेगळे दीर्घ स्वर होते. पुढे इराणात ए चा ई झाला, ओ चा ऊ. म्हणून तेहरानात सिंहही शीर आणि दूधही शीर. काबूलकडे अजून शेर वेगळा, शीर वेगळं. आपल्याकडे शब्द आले ते जुन्या उच्चारानिशी. पेशवा, दोस्त, जोर, रोज, बेकार: या सगळ्यांत जुना स्वर मराठीनं जपलाय, तेहराननं सोडलाय. अर्थाचंही तेच. पेशवाईत वकील म्हणजे कोर्टातला काळा कोट नव्हता. हिंगणे पेशव्यांचे दिल्लीतले वकील होते, म्हणजे धन्याच्या वतीनं बोलणारे. ताईंनी लग्नात ऐकला तो वकील आपल्या दफ्तरांत आहेच. माधव जूलियनांचा फार्शी-मराठी कोश (१९२५) मिळाला तर जरूर चाळा.

प्रतिसाद: 'गरीब' बद्दल. 'गरीब स्वभावाची', 'गरीब गाय' म्हणतो तेव्हा आपणही पैशाबद्दल बोलत नाही. परक्या ठिकाणी माणूस दबून राहतो, तो अर्थ इथे शिल्लक असावा. हा माझा तर्क. आणि यादीत नाश्ता घाला! फारसीत नाश्ता म्हणजे उपाशीपोटी. आपण उपास मोडून खातो त्याला तेच नाव.

प्रश्नकर्ती: हो, रक्त तपासायला "नाश्ता" या असं सांगतात तिकडे! स्वरांचा मुद्दा पटला. कमसरच्या त्या भांड्याला तिथे 'दीग' म्हणतात. आपली देग, डेचकी त्यातलीच म्हणायची. आणखी एक: काम करणाऱ्या माणसाला तिकडे "खस्ते नबाशीद" म्हणतात, तुम्ही थकू नका. खस्ता हालत यातूनच ना? आणि खस्ता कचोरी?

प्रतिसाद: खस्ता हालत नक्की यातलीच. थकलेला, मोडकळीला आलेला. कचोरीही हात लावताच मोडते, तेव्हा तिलाही बसवायला हरकत दिसत नाही.