प्लिंथच्या (जोत्याच्या) भरावासाठी प्लेट कॉम्पॅक्टर आणू की रॅमर?

डिचोलीकर: नमस्कार मंडळी. गावात घर बांधतोय, चिऱ्याची प्लिंथ झाली, आता आत अडीच फूट भराव टाकायचाय. कंत्राटदार म्हणतो माती एकदम भरूया, वरून पाणी सोडूया, पावसात आपोआप बसेल. मला नाही पटत, कारण शेजाऱ्यांच्या हॉलमधली फरशी मधोमध खचलीये आणि स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाची पट्टी) बोट जाईल एवढी फट पडलीये. माती ठोकायचं मशीन भाड्याने आणतो, पण प्लेटवाली की उड्या मारणारी? माती लाल, जरा चिकट, मधेमधे जांभ्याचे खडे. मोठी खोली १२ बाय १४.

फोंड्याचा साइटवाला: चिकट माती असेल तर उड्या मारणारा रॅमरच. प्लेट नुसती थरथरते, त्याने रेती, खडी, खडेरी मुरूम छान बसतो कारण दाणे हलून एकमेकांत अडकतात, पण चिकट माती थरथरून बसत नाही, तिला वरून ठोकाच लागतो. कंत्राटदाराचं ऐकू नका, पाणी सोडून रेती बसते, चिकट मातीचा चिखल होतो आणि वाळल्यावर परत भेगा. आणि खरं सांगू का, मशीनपेक्षा थर महत्त्वाचा. ६ इंचाचा थर पसरा, ठोका, मग पुढचा. अडीच फूट एकदम भरून वरून कितीही मशीन फिरवा, खालची माती पोकळच राहणार.

प्लिंथ_ते_छप्पर: + ओलाव्याचं बघा. मूठभर माती दाबायची, गोळा झाला पाहिजे आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकला की दोन-तीन तुकडे झाले पाहिजेत. हाताला चिकटली तर जास्त ओली, एक दिवस सुकू द्या, भुगा झाला तर पाणी शिंपडा. जून लागायच्या आत उरका हो, भिजलेल्या मातीवर रॅमर चालवला तर ती नुसती रबरासारखी हलते, बसत नाही.

डिचोलीकर: चिऱ्याच्या भिंतीला धक्का बसणार नाही ना? जोडकाम नवीनच आहे.

फोंड्याचा साइटवाला: बसू शकतो. जोडकाम नीट पिकू द्या, बाहेरूनही माती चढवत न्या म्हणजे आतला दाब एकट्या भिंतीवर येणार नाही. भिंतीलगत वीतभर जागा आणि कोपरे हाताच्या धुम्मसने ठोका. नेमकं तेच लोक सोडतात, म्हणून तर स्कर्टिंगखाली फट पडते. ड्रेनेजच्या पाइपवर पण रॅमर नको, त्याच्याभोवती रेती भरून हातानेच.

प्लिंथ_ते_छप्पर: वर दगडाचं सोलिंग (फरशीखालचा दगडांचा थर) करणार असाल तर तेव्हा प्लेट आणा, फटींत बारीक खडी, मुरूम टाकून फिरवली की मस्त बसतं. आणि डिचोलीकर बाब, वाळवीचं औषध भराव ठोकून झाल्यावर, पीसीसीच्या (फरशीखालचं साधं काँक्रीट) आधी मारून घ्या, एकदा काँक्रीट पडलं की मग ड्रिल मारत बसावं लागतं.

डिचोलीकर: ओके, मग भरावाला रॅमर आणि सोलिंगला एक दिवस प्लेट. आतल्या भिंतींवर आजच चुन्याने ६-६ इंचाच्या रेघा मारून घेतो, म्हणजे थर जाड टाकला तर लगेच दिसेल.